पाणी आणि प्रकाशाची साक्ष

पाणी आणि प्रकाश यांचें सख्य फार जुनें आहे. पेल्यांत ठेवलेला चमचा मोडल्यासारखा दिसतो, विहिरीचा तळ असतो त्याहून वर आल्याचा भास होतो, पावसाची सर ओसरली कीं आकाशांत इंद्रधनुष्य उमटतें. हे चमत्कार लहान मुलांच्याही परिचयाचे आहेत. शाळेंत प्रकाशाचा धडा सुरू होतो तो पाण्याच्याच उदाहरणानें. परंतु परीक्षा संपली म्हणजे तो चमचा, ती विहीर आणि त्यांच्यामागचा नियम हीं सर्व वहींतच राहतात, आणि पुढें संसारांत त्यांचा कांहीं उपयोग असेल अशी शंकाही बहुतेकांस येत नाहीं. पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि इंद्रायणीपलीकडे चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथें मात्र हा धडा प्रत्येक पाळींत नव्यानें वाचला जातो. तो कसा वाचला जातो, आणि वाचण्यांत चूक झाली तर काय गमवावें लागतें, याचा विचार करण्यासारखा आहे.

भोसरीच्या एकाद्या लहानशा कारखान्यांत सकाळची पाळी सुरू होतांना डोकावून पाहावें. लेथवर पोलाद कापलें जात असतें, तेव्हां हत्यार आणि धातु यांच्यामध्यें दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची धार सोडलेली असते. कामगार त्यास कूलंट म्हणतात. पाण्यांत मुद्दाम बनविलेलें तेल मिसळून हें कूलंट तयार होतें. पाण्यानें उष्णता वाहून न्यावी, तेलानें घर्षण कमी करावें आणि लोखंडावर गंज चढूं देऊं नये, अशी दोघांत कामाची वांटणी असते. तेलाचें प्रमाण बहुधा शेंकडा पांच ते दहा यांच्या दरम्यान ठेवतात. तें कमी पडलें तर हत्याराची धार लौकर जाते, तयार माल गंजतो आणि टांकींत जंतु माजून दुर्गंधि सुटते. अधिक झालें तर फेंस होतो आणि कामगाराच्या हाताची कातडी खाजून फुटूं लागते. शिवाय दिवसभर पाण्याची वाफ होतच असते. त्यामुळें काल बरोबर असलेलें प्रमाण आज बरोबर असेलच असें नाहीं.

हें प्रमाण मोजण्यासाठीं कामगार खिशांत मावेल एवढी एक नळी काढतो. तिच्या एका टोंकास कांचेचा तिरपा लोलक असतो. त्यावर कूलंटचा एक थेंब टाकून तो झांकण लावतो, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि दुसऱ्या टोंकास डोळा लावतो. आंत एक वर्तुळ दिसतें. त्याचा वरचा भाग निळा आणि खालचा पांढरा. दोहोंमधील सीमारेषा ज्या अंकावर असेल तो अंक वाचून, कूलंट बनविणाऱ्यानें दिलेल्या गुणकानें त्यास गुणलें, कीं तेलाचें प्रमाण कळतें. या साधनाचें नांव रिफ्रॅक्टोमीटर. पेल्यांतला मोडका चमचा आणि ही सीमारेषा हीं एकाच कुळांतलीं आहेत. प्रकाश निर्वात प्रदेशांतून सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. पाण्यांत शिरल्यावर त्याचा वेग सुमारें सव्वादोन लक्षांवर येतो, आणि वेग बदलतांना त्याची दिशाही वळते. पाण्यांत तेल, साखर किंवा मीठ मिसळलें म्हणजे वेग आणखी घटतो आणि रेषा आपली जागा सोडते. जर्मनींतील येना येथील अर्न्स्ट ॲबे यानें हें साधन प्रयोगशाळेसाठीं सिद्ध करून १८७४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज तेंच साधन, आकारानें लहान होऊन, महाराष्ट्रांतल्या उंसाच्या फडांत रसाची गोडी सांगतें आणि भोसरीच्या लेथपाशीं कूलंटची कस सांगतें.

या निळ्या-पांढऱ्या रेषेच्या मुळाशीं जो नियम आहे, त्याचा अतिशय देखणा प्रयोग १८४१ सालीं जिनीव्हा येथें झाला. झां-दानिएल कोलादों या प्राध्यापकास भोंकांतून उडणाऱ्या पाण्याच्या धारा श्रोत्यांना दाखवावयाच्या होत्या. परंतु मोठ्या दिवाणखान्यांत मागच्या रांगांना त्या दिसेनात. त्यानें खोलींत अंधार केला, पाण्यानें भरलेल्या भांड्याच्या एका बाजूनें भिंगाच्या साह्यानें प्रकाश आंत सोडला आणि तो समोरच्या भोंकावर नेमका पाडला. धार सुरू होतांच प्रकाश तिच्यांत शिरला, आणि धार जशी वांकत खालीं गेली तसा तोही तिच्याबरोबर वांकत खालीं गेला. सरळ रेषेंत जाणें हा ज्याचा धर्म, तो पाण्याच्या धारेंत कैद झाला होता. पाण्यांतून हवेंत येऊं पाहणारा किरण लंबाशीं सुमारें एकोणपन्नास अंशांहून अधिक तिरपा असेल तर त्यास बाहेर पडतांच येत नाहीं. तो आरशावरून परतावा तसा पाण्यांतच परततो. १८५४ सालीं जॉन टिंडल यानें हाच प्रयोग लंडनमध्यें करून दाखविला.

पुढें पाण्याच्या धारेची जागा कांचेच्या तंतूनें घेतली. पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरु हॉपकिन्स यांनीं १९५४ सालीं कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें. दूरध्वनीचें बोलणें आणि संगणकाचा मजकूर आज अशाच तंतूंतून धांवतो. पिंपरीस मुख्य कचेरी असलेली फिनोलेक्स कंपनी तांब्याच्या तारांबरोबर या प्रकाशतंतूंच्या केबलही बनविते. पण पाण्याच्या धारेनें आपला हक्क सर्वस्वीं सोडला असें मात्र नाहीं. जिनीव्हाच्याच सरोवराकांठीं असलेल्या लोझान शहरांत विसाव्या शतकाच्या अखेरीस केसासारख्या बारीक पाण्याच्या धारेंत लेसर किरण कोंडून त्यानें कठीण पदार्थ कापण्याची युक्ति सिद्ध झाली. किरण कापतो आणि पाणी तत्क्षणीं थंड करतें.

येथवर पाणी प्रकाशाला वाट दाखवितें असें झालें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, द्रव आणि प्रकाश मिळून डोळ्यांना न दिसणारें वैगुण्य उघडें करतात. चाकणच्या रस्त्यांनीं रोज हजारों गाड्यांचे भाग ये-जा करीत असतात. त्यांत घडीव पोलादाचे भाग असतात, ज्यांच्यावर चाक आणि सुकाणू यांचा सर्व भार येतो. अशा भागावर केसाहून बारीक चीर राहिली असेल तर ती कारखान्यांत कोणास दिसत नाहीं. ती वाढत जाते आणि एके दिवशीं घाटांत तो भाग तुटतो. म्हणून तपासनीस त्या भागांत विजेच्या साह्यानें चुंबकत्व उत्पन्न करतो. जेथें चीर असेल तेथें हें चुंबकत्व पृष्ठभागाबाहेर डोकावतें. नंतर त्या भागावर लोखंडाचे सूक्ष्म कण असलेला द्रव ओततात. कणांवर अशा रंगाचा लेप असतो कीं, अदृश्य जंबुपार किरण पडतांच तो हिरवट-पिवळा चमकावा. वाहत्या द्रवाबरोबर कण सर्वत्र फिरतात आणि चिरेपाशीं चिकटून बसतात. पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलींत, डोळे अंधाराला सरावल्यावर, तपासनीस दिवा लावतो. भाग निर्दोष असेल तर तो काळाच दिसतो. दोष असेल तर त्यावर हिरवी रेघ उजळते.

ॲल्युमिनियमसारख्या चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूंसाठीं निराळा उपाय आहे. त्यांवर चमकणाऱ्या रंगाचा पातळ द्रव लावतात. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा तो आपणहून चिरेंत शिरतो. वरचा द्रव पुसून पांढरी भुकटी शिंपडली कीं आंतला द्रव ती शोषून वर आणते आणि चीर आपलें चित्र स्वतःच काढते. याचा पूर्वज आगगाडीच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकांतच होता. तेथें आंस व चाकें तेलांत बुडवून पुसून काढीत आणि त्यांवर खडूचा पांढरा लेप देत. लेपावर जेथें तेलाचा डाग उमटे तेथें चीर असल्याचें समजत. पुढें खडूच्या जागीं नवी भुकटी आली, तेलांत चमकणारा रंग आला, पण तत्त्व तेंच राहिलें. मात्र या सर्व व्यवस्थेंत शेवटचा दुवा माणसाचा डोळा आहे. पडदा नीट लागला नाहीं, दिवा मंद झाला, अथवा पाळी संपत आली म्हणून घाई झाली, तर चीर तशीच असते आणि रेघ मात्र दिसत नाहीं. न दिसलेली रेघ म्हणजे नसलेली चीर नव्हे, हें त्या खोलीच्या दारावर लिहून ठेवण्यासारखें आहे.

हीच गोष्ट माणसाच्या रक्ताविषयींही खरी ठरली. २०२० सालच्या साथींत पिंपरीच्या नेहरूनगरमधील अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर मोठें तात्पुरतें रुग्णालय उभारावें लागलें, आणि त्याच दिवसांत घरोघरीं बोटाला लावावयाचा एक लहानसा चिमटा आला. त्याचें नांव ऑक्सिमीटर. त्यांत एक लाल आणि एक अवरक्त असे दोन दिवे असतात. प्राणवायूनें भरलेलें रक्त लाल प्रकाश बऱ्याच अंशीं जाऊं देतें. प्राणवायु सोडलेलें रक्त तो अधिक शोषतें. अवरक्त किरणांच्या बाबतींत हाच प्रकार उलटा होतो. दोन्हींची तुलना केली म्हणजे रक्तांतील प्राणवायूचा अंदाज येतो. अडचण अशी होती कीं, कातडी, हाड आणि स्थिर रक्त हींही प्रकाश शोषतात. जपानांतील ताकुओ आओयागी या अभियंत्यानें १९७४ सालीं यावर तोड काढली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाशाचा जेवढा भाग कमीजास्त होतो तेवढाच धमनींतल्या रक्ताचा. बाकीचा सोडून द्यावा. नाडी हा प्रवाह आहे, आणि तो वाहतो म्हणूनच प्रकाशाला तो ओळखतां येतो.

या चिमट्यानें पुष्कळांना वेळीं सावध केलें. तथापि १९१८ च्या साथीला जें साधन लाभलें नव्हतें तें २०२० मध्यें निर्दोष होतें असें म्हणतां येणार नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, प्राणवायु धोकादायक इतका उतरलेला असूनही चिमट्यानें तो ठीक दाखविल्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांपेक्षां कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. कातडीचा रंगही प्रकाश शोषतो, आणि यंत्राची कसोटी ज्यांच्यावर पाहिली त्यांत गडद वर्णाचीं माणसें पुरेशीं नसलीं, तर यंत्र त्यांच्या बाबतींत चुकतें. सांवळ्या लोकांच्या या देशांत ही गोष्ट प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावी. आंकडा समाधानकारक असला तरी माणसाला धाप लागत असेल तर डॉक्टरांस बोलवावें.

आतां ज्या द्रवावर या सर्व पट्ट्याचें जीवन चाललें आहे त्याकडे वळावें. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदींतून वाहत येतें, रावेत येथें तें उचलतात आणि निगडीच्या केंद्रांत शुद्ध करून शहरास देतात. पावसाळ्यांत डोंगरउतारावरची माती घेऊन नदी गढूळ होते. हा गढूळपणा मोजण्याचें काम प्रकाशाकडेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत यासाठीं एक साधी रीत होती. उभ्या कांचनळीखालीं मेणबत्ती लावीत, नळींत पाणी हळूं हळूं ओतीत, आणि वरून पाहतां ज्योत दिसेनाशी झाली कीं पाण्याची उंची मोजीत. पाणी जितकें गढूळ तितकी ज्योत लौकर लोपे. पण स्वच्छ पाण्यांतील सूक्ष्म फरक या रीतीनें कळत नसे. आजच्या यंत्रांत दिव्याचा किरण पाण्यांतून सरळ जातो आणि त्याच्याशीं काटकोनांत बसविलेला विद्युत्-नेत्र बाजूस फेंकला गेलेला प्रकाश मोजतो. कवडशांत नाचणारे धुळीचे कण ज्यानें पाहिले असतील त्यास याचें तत्त्व सांगण्याची गरज नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा या मापाच्या एका एककापर्यंत असावा. दुसरा मार्गच नसेल तर पांचापर्यंत चालवून घेतां येतो.

एवढा कडक नियम केवळ डोळ्यांच्या समाधानासाठीं केलेला नाहीं. १८७७ सालीं डाउन्स आणि ब्लंट या दोघां इंग्रज संशोधकांनीं जंतूंना पोषक असा द्रव नळ्यांत भरला, कांहीं नळ्या उन्हांत उघड्या ठेवल्या व कांहीं शिशाच्या पत्र्यांत गुंडाळल्या. गुंडाळलेल्या नळ्यांतील द्रव जंतु वाढून गढूळ झाला. उन्हांतला तसाच नितळ राहिला. प्रकाश जंतूंना मारतो, आणि त्यांतही निळ्या-जांभळ्या बाजूचा अधिक, हें यावरून कळलें. १९१० मध्यें फ्रान्समधील मार्सेय शहरीं याच तत्त्वावर पिण्याचें पाणी शुद्ध करून पाहण्यांत आलें. आज अनेक घरांतल्या जलशुद्धियंत्रांत जो दिवा असतो तो हाच. त्याचे अदृश्य किरण जंतूच्या आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात, आणि त्यास आपली संतति वाढवितां येत नाहीं.

पण याला तीन अटी आहेत. पहिली, पाणी नितळ हवें. मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत किरण पोंचत नाहीं. दुसरी, दिव्याचा परिणाम पाणी त्याच्यासमोरून जाई तोंवरच. क्लोरीन जसें नळांतून घरापर्यंत सोबत करतें तशी सोबत प्रकाश करीत नाहीं, म्हणून पुढें फुटक्या नळांतून अथवा अस्वच्छ टांकींतून घाण शिरली तर तो तेथें नसतो. तिसरी अट फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या दिव्याचा निळा उजेड हा त्याच्या कामाचा पुरावा नव्हे. जंतु मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहींत. दिवा जुना झाला किंवा त्यावरील नळीवर क्षार सांचले कीं ते क्षीण होतात, आणि निळा उजेड मात्र पूर्वीसारखाच तेवत राहतो. घरांतल्या मंडळींना वाटतें यंत्र चालूं आहे. म्हणून दिवा बदलण्याची मुदत त्याच्या उजेडावरून ठरवूं नये. ती पंचांगावरून पाळावी.

जानेवारी २०२५ मध्यें पुणें परिसरांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. पिंपरी-चिंचवडांतही ते आढळले. कित्येक रुग्णांच्या तपासणींत पोटाच्या विकारास कारण होणारे जंतु सांपडले आणि दूषित पाण्यावर संशयाची नजर गेली. अशा जंतूंनीं युक्त पाणी पेल्यांत धरून पाहिलें तर कांचेसारखें नितळ दिसूं शकतें. उलट आळंदीस इंद्रायणीवर तरंगतांना वेळोवेळीं दिसलेला पांढरा फेंस कोणालाही दिसतो, आणि त्यावरून पाण्यांत मैला आणि साबणासारखीं द्रव्यें मिसळलीं असल्याचा तर्कही करतां येतो. पण त्याच पाण्यांत आणखी काय विरघळलें आहे तें फेंस सांगत नाहीं.

प्रकाश हा साक्षीदार खोटें बोलत नाहीं. तथापि जेवढें विचारावें तेवढेंच तो सांगतो. सागर निळा कां, या प्रश्नाला आकाशाचें प्रतिबिंब पडतें म्हणून, असें उत्तर एके काळीं मोठमोठ्या विद्वानांनीं दिलें होतें. १९२१ सालीं विलायतेहून बोटीनें परततांना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं साधा लोलक डोळ्यापुढें धरून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडविला, तरी सागर निळाच राहिला. किंबहुना अधिकच निळा दिसला. ती निळाई पाण्याच्या स्वतःच्या कणांनीं विखुरलेल्या प्रकाशाची होती. त्यासंबंधीं त्यांनीं लिहिलेल्या पत्रावर सप्टेंबर १९२१ ची तारीख आणि मुंबई बंदराचें नांव आहे. तोच प्रश्न पुढें चालवून त्यांनीं कृष्णन् यांच्यासह अनेक शुद्ध द्रवांतून सूर्यप्रकाश सोडला, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं जो शोध जाहीर झाला त्यामुळें विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थाचा अणुसमूह ओळखतां येऊं लागला. आज औषधांच्या कारखान्यांत बाटली न उघडतां आंतला माल ओळखणारीं यंत्रें याच शोधावर चालतात. बोटीवरच्या इतर उतारूंनींही तोच सागर पाहिला होता. लोलक डोळ्यापुढें धरून प्रश्न मात्र एकानेंच विचारला.

भोसरीचा कामगार कूलंटचा थेंब उजेडाकडे धरतो, चाकणचा तपासनीस अंधारांत हिरव्या रेघेची वाट पाहतो, निगडीच्या केंद्रांत विद्युत्-नेत्र पाण्यावर पहारा करतो. हे तिघेही आपापला प्रश्न नेमका ओळखून आहेत. घरांतल्या गृहस्थानें आणि गृहिणीनेंही तसेंच करावें. सकाळीं नळाचें पाणी पेल्यांत घेऊन खिडकीच्या उजेडांत अवश्य पाहावें. गढूळ दिसल्यास तें उकळल्यावांचून पिऊं नये आणि पालिकेस कळवावें. परंतु तें नितळ दिसलें म्हणून चौकशी थांबवूं नये. टांकी केव्हां धुतली, दिवा केव्हां बदलला, नळाच्या पाण्यांत क्लोरीन पोंचतें कीं नाहीं, आणि आपल्या वस्तींतलें सांडपाणी कोणत्या नदींत कोणत्या स्थितींत जातें, हे प्रश्न उजेडांत धरलेला पेला आपणहून विचारीत नाहीं. ते पेला धरणाऱ्यानें विचारावयाचे असतात.